काळी तीनमधली धून

उचगाव, कोल्हापूर
७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय बाबालाल मास्तर,
सप्रेम नमस्कार.

खंडेनवमीच्या सकाळी लवकर अंघोळ करून मी आधी उद्यमनगरात वर्कशॉपवर गेलो. लेथ पुसला, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग घरी येऊन देव्हाऱ्यासमोर पाट मांडला आणि त्यावर सॅक्सोफोन ठेवला. निशीची आई दरवर्षी म्हणते, "त्या पिपाणीला कुंकू लावू नका, परत निघत न्हाय." मी दरवर्षी लावतो. भोंग्याच्या कडेला मागच्या वर्षीचा ठिपका अजून होता, त्याच्यावरच नवीन लावला. हात जोडले आणि प्रसाद वाटायच्या आधी देवासमोर थोडं वाजवलं.

जे वाजवलं ते या पार्सलातल्या रेकॉर्डमधलं. लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्याकडे जुन्या पंख्याच्या पात्यांखाली जॅझच्या दोन रेकॉर्डी सापडल्या. एकीवर पियानोपाशी बसलेली बाई आहे. ती मी अजून ऐकतोय, सोडवत नाही. दुसरी तुम्हाला पाठवतो. कव्हरचा वरचा कोपरा उंदरांनी खाल्लाय, त्यामुळे वाजवणाऱ्याचं नाव गेलं. फक्त टोपी घातलेला, डोळे मिटलेला माणूस राहिलाय. दुसऱ्या बाजूचं पहिलं ऐका. धून एकदा सरळ वाजवतो आणि मग घर सोडून गावभर हिंडून यावं तसा हिंडतो. आता हा हरवला असं वाटतं, तेवढ्यात परत दारात उभा.

तुम्ही मुलाकडे, तोहिदकडे शाहूवाडीच्या डोंगरात राहायला गेलात, तिथे फोन लागत नाही, म्हणून आपली ही पद्धत पडली. रेकॉर्ड एसटीच्या पार्सलने, पत्र कव्हरच्या आत. ज्याला रेकॉर्ड मिळेल त्याने त्यातलं काहीतरी वाजवून उत्तर द्यायचं. माझी उत्तरं मेमरी कार्डावर तुमच्याकडे येतात. तुमचं वाजवलेलं उत्तर मात्र बऱ्याच दिवसांत आलेलं नाही. या वेळी वाट बघतो.

आणखी एक. आमच्या निशीगंधाचं ठरलं. मुलगा राजवीर, कागलचा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लग्न आहे.

आपला,
आकाराम

*

१९ ऑक्टोबर

चिरंजीव आकाराम,
अनेक दुवा.

पार्सल पोचलं. कंडक्टर म्हणाला, "चाचा, ह्यात पापड हाय काय?" म्हटलं व्हय, अमेरिकेचं हाय. टोपीवाला ऐकला. वरच्या अंगाला जातोय तवा श्वास कुठं घेतोय कळतच न्हाय. पणजीच्या हाटेलात मी दोन वर्सं वाजवलं, तिथं एक सर होते, ते असं वाजवायचे आणि वर सिगरेट पण वडायचे.

पोरीचं ठरलं हे झकास झालं. परवा परवापर्यंत आमच्या बँडच्या टेम्पोत ड्रमवर बसून भडंग खायची, ती आता सासरला चालली. पावणं कसं हायत? लई मोठ्यानं बोलतात का आपल्यागत?

वाजवून पाठव म्हणतोस. लेका, हितली हवा दमट, माझ्या सॅक्सचं पॅड फुगून बसल्यात. हवा लीक होती. तू वाजीव, मी ऐकतो. म्हाताऱ्याला ऐकायला पण कुणीतरी पायजे का नको?

बाबालाल

*

उचगाव
२ नोव्हेंबर

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

पॅडची काळजी करू नका, मी पुण्याहून मागवून देतो. कारण या वेळी तुमच्याकडे मोठं काम आहे.

सोबतच्या कार्डावर टोपीवाल्याचं उत्तर आहे. त्याच्या खाली आणखी एक आहे, ते कुणाचंही नाही, माझं आहे. गेली काही वर्षं पूजा झाली की देव्हाऱ्यासमोर बसून थोडं थोडं जुळवत होतो. निशी लहान असताना शाळेला जाताना चपला ओढत चालायची. दोन पावलं सरळ, तिसरं फरपटत. तिची आई ओरडायची, मी मागून ऐकत जायचो. ती लय घेतली आणि त्यावर बांधलं. नाव काही दिलेलं नाही.

मास्तर, मी तुमच्या बँडात क्लॅरिनेटवर उभा राहिलो तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. गावच्या शाळेतून थेट लेथवर आलेला पोरगा. सॅक्सोफोनही तुम्हीच हातात दिलात. पण तिथे लोक सांगतील ते सिनेमातलं वाजवायचं. लग्न झाल्यावर वर्कशॉप काढलं आणि बँड सुटला. तेव्हापासून मी देवाशिवाय कुणासमोर वाजवलेलं नाही. कधीतरी चार लोकांत उभं राहून आपलं स्वतःचं वाजवायचं, हे मात्र मनाशी ठरवून ठेवलं होतं.

माझी इच्छा अशी की निशीच्या लग्नात ही धून वाजावी, आणि ती तुम्ही वाजवावी. मी मुलीचा बाप. मला हात जोडून दारात उभं राहावं लागणार. शिवाय निशीची आई म्हणते, "मुलीचा बाप बँडवाला हाय असं पावण्यांच्या कानावर कशाला घालायचं?" व्याही गुंडूराव मोठे बागाईतदार आहेत. वरातीला त्यांनी डॉल्बी सांगितलाय, भिंतीएवढा. तुम्ही वाजवलंत तर कुणी काही म्हणणार नाही, आणि माझी धून लोकांच्या कानावर पडेल.

नाही म्हणू नका.

आपला,
आकाराम

*

२० नोव्हेंबर

चिरंजीव आकाराम,
अनेक दुवा.

लग्नात वाजवायचं माझ्याच्यानं जमंल असं वाटत न्हाय. फेब्रुवारीत हितं थंडी असती, खोकला असतो. नव्या पोरांतला कुणीतरी बघ.

आता दुसरं. काल दुपारी टोपीवाल्याची रेकॉर्ड लावली आणि संगं तुझं कार्ड लावलं. म्हटलं गुरू-चेल्याला एकदम ऐकू. तर दोघांचं भांडणच लागलं! नुजहत, आमची सून, शाळेतनं आली, म्हणाली, "अब्बा, दोन रेडिओ कशाला लावलायसा?" मग एक एक करून ऐकलं. टोपीवाला वाजवतोय पेटीच्या पांढरी चारमधी. तू वाजवतोस काळी तीनमधी. अख्खी एक पट्टी वर. मग तुझी मागची कार्डं काढली. सगळीच एक पट्टी वर हायत.

माझा प्लेअर कंपनीतनं आल्यापास्नं कुणी उघडलेला न्हाय. मग पळतोय तो तुझा. आकाराम, खरं सांग, तुझ्या प्लेअरची पुली कुणी केली?

बाबालाल

*

उचगाव
३० नोव्हेंबर

आदरणीय मास्तर,
नमस्कार.

पुली मीच केली.

प्लेअर घेतला तेव्हा जुनी प्लास्टिकची पुली झिजून गेली होती. मोटरच्या तोंडाशी बसते ती, तिच्यावरून रबरी पट्टा फिरतो. ती जेवढी जाड तेवढी रेकॉर्ड जोरात फिरते. मी पितळेचा तुकडा लेथवर लावला. आमची सवय अशी की मापापेक्षा थोडा माल जास्त ठेवायचा, नग जागेवर बसवून बघायचा आणि मग शेवटचा कट घेऊन मापात आणायचा. तशीच ती बसवून बघितली, रेकॉर्ड लावली आणि सुई ठेवली. माझ्या घरात पहिल्यांदा जॅझ वाजत होतं. मी खाली फरशीवर बसून दोन्ही बाजू ऐकल्या. शेवटचा कट घ्यायचा राहून गेला तो गेलाच.

तुमचं पत्र आल्यावर पुली काढली. निशी एमआयडीसीत क्वालिटी तपासायला आहे. तिने मायक्रोमीटर लावला आणि म्हणाली, "पप्पा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हाय. हा जॉब रिजेक्ट." आणि मग पोट धरून हसली. मलाही हसू आलं, पण रात्रीचं जेवण गेलं नाही.

काही तुकड्यांत बोटं अशी अडचणीत टाकावी लागायची की मला वाटायचं, या जॅझवाल्यांना सोपं वाजवायला आवडतच नसेल. मीही हट्टाने तसंच घोटून घेतलं. आता कळतंय, तो बिचारा सोप्या पट्टीतच वाजवत होता. अवघड मीच करून घेतलं होतं.

तुम्ही लग्नात का वाजवणार नाही, तेही मला कळलं. पॅड, थंडी, खोकला हे माझं मन राखायला लिहिलंत. चुकीच्या पट्टीत शिकलेल्या माणसाने बांधलेली धून तुम्ही का वाजवाल? राग नाही. लग्नात जे सगळे लावतात तेच लावू. पुली लेथवर लावून ठेवली आहे. सवड मिळाली की राहिलेला कट घेऊन टाकतो.

लग्नाला मात्र या. पत्रिका सोबत आहे.

आपला,
आकाराम

*

१२ डिसेंबर

आकारामभाऊ यांस,
नुजहतचा सलाम.

तुमचं पत्र अब्बांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. "धून का वाजवाल" इथे आल्यावर ते उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. म्हणून त्यांना न विचारता लिहिते आहे.

अब्बांचे पुढचे दात गेल्या वर्षी गेले. कवळी केली, पण सॅक्सोफोन तोंडाला लावला की ती हलते आणि फुंकर बाहेर जाते. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग पेटी पलंगाखाली ढकलली. पॅड फुगलेले नाहीत. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, भाऊंना कळवा. म्हणाले, "बँडमास्तरचं दात पडलं हे काय पत्रात लिवायचं असतं?"

तुमची धून मात्र आमच्या घरात रोज वाजते. माझी सासू मेहरुन्निसा भाकऱ्या थापताना त्याच लयीत थापते. दोन सरळ, तिसरी जरा ओढून. अब्बा शेजारच्यांना बोलावून ऐकवतात आणि म्हणतात, "माझ्या पोरानं बांधलीया." आधी आम्हाला वाटलं तोहिदबद्दलच बोलतात.

मी लिहिलं हे त्यांना सांगू नका.

नुजहत

*

४ जानेवारी २०२६

चिरंजीव आकाराम,
अनेक दुवा.

परवा आलेल्या तुझ्या पत्रात गोडबोलेपणा लई वाढलाय. "तब्येतीला जपा, दाताची काळजी घ्या." दाताचं तुला कुणी सांगितलं ते मला कळलंय. घरात हेर पाळलाय मी. जाऊ दे. आता कळलंच हाय तर ऐक.

दात गेलं म्हणून वाजवणार न्हाय. असतं तरी वाजवलं नसतं. ती तुझी हाय. मी तुझी धून मनात बसवून बघितली, पांढरी चारमधी आणून बघितली. सोपी झाली, पर जीव गेला. फरपटतं पाऊल काळी तीनमधीच फरपटतंय. तिथं बोटाला जी अडचण हुती, तिथंच तू जरा थांबायला शिकलास, आणि ते थांबणंच मला आवडतं. टोपीवाल्याचं तसं न्हाय. माझं बी न्हाय. पन्नाशीला आलास, आता कुणाचं उत्तर देत बसू नकोस.

मुलीच्या बापानं दारात हात जोडून उभं ऱ्हायचं, मान्य. पर दिवसभर उभं ऱ्हायचं असतं का? कुठंतरी फट असंल, शोध. तुम्हा लोकांच्या लग्नातलं तुला माझ्यापेक्षा जास्त ठावं.

पार्सलात माझा माउथपीस हाय. वरच्या बाजूला दोन खड्डं दिसतील, ते माझ्या दाताचं. दात गेलं, खड्डं ऱ्हायलं. तुझं दात त्यात बसतात का बघ.

मी लग्नाला येत न्हाय. मला बघितलं की जुनं लोक म्हणणार, मास्तर, एक होऊन जाऊ द्या. मला ते सोसायचं न्हाय. तू वाजीव आणि लिव.

बाबालाल

*

उचगाव
९ फेब्रुवारी २०२६

आदरणीय मास्तर,
साष्टांग नमस्कार.

लग्न पार पडलं. जेवणात कुणाला काही कमी पडलं नाही. सगळं लिहितो.

तुम्ही फट शोधायला सांगितलंत, ती सापडली होती. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो. खोलीच्या दारापासून बोहल्यापर्यंत तिचा हात मामाच्या हातात असतो. तेवढा वेळ बापाला काहीही काम नसतं. मी कितीतरी लग्नांत बँडासोबत उभा राहिलो, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. बाप नुसता इकडेतिकडे बघत उभा असतो.

निशीच्या आईला आदल्या दिवशी सांगितलं. ती तांदळाला हळद-कुंकू लावून अक्षता करत होती. म्हणाली, "पावणं काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील, बाप वाजवतो. खोटं काय आहे त्यात?" ती म्हणाली, "मग त्या पिपाणीचं कुंकू तरी पुसा." थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. देवाचं हाय." निशीला सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी पूजा करून माउथपीस देवासमोर ठेवला आणि मग खिशात घातला. बँड आपलाच जुना होता, आता नवीन पोरं आहेत. त्यांच्या टेम्पोत सॅक्सोफोन आधीच नेऊन ठेवला होता. पेटीवाल्या पोराला पट्टी सांगितली तर तो म्हणाला, "काका, काळी तीन? आमी काय पाप केलं?" शेवटी ठरलं की त्याने गप्प बसायचं, फक्त ड्रम साथीला.

मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी "नवरीला आणा" अशी हाक दिली. मी मांडवातून बँडाकडे निघालो. व्याही गुंडूराव समोरच्या खुर्चीवरून ओरडले, "ओ पावणं, तिकडं कुठं? बँडवाल्यास्नी सांगायला माणसं हायत की!" सगळा मांडव वळून बघायला लागला. मी फेट्यानिशी टेम्पोपाशी गेलो, सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, माउथपीस चढवला. मास्तर, माझे दात तुमच्या खड्ड्यांत बसले. अगदी बरोबर नाही, डावीकडचा जरा बाहेर राहतो. पण बसले.

पहिला सूर थरथरला. देवासमोर कधी थरथरत नाही. मागून गुंडूराव कुणाला तरी विचारत होते, "मुलीचा बाप वाजवतोय व्हय?" तेवढ्यात बाहेर डॉल्बीवाल्याने तपासायला म्हणून एक दणका दिला. मी थांबणारच होतो. पण गुंडूरावच उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "ए, बंद कर रं ते! पावणं वाजवाय लागल्यात, दिसंना व्हय?" डॉल्बी बंद झाला. मग मी सरळ उभा राहिलो.

निशी दारात आली. तिचा मामा ताठ चालायला लागला. तिने मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघितलं, जागीच थांबली. मला वाटलं रडतेय. मग तिने शालूच्या निऱ्या सावरल्या आणि दोन पावलं सरळ टाकली, तिसरं ओढलं. पुन्हा दोन सरळ, तिसरं ओढलं. तिची आई खांबापाशी उभी राहून सवयीने पुटपुटली, "पाय उचल की गं," आणि मग पदर तोंडाला लावला. मामा बिचारा गोंधळला. एकदा तर तोही फरपटला.

मधे मी हिंडून आलो. ठरवलं नव्हतं. बोटांच्या अडचणीपाशी थांबलो, तुम्ही म्हणता तसा, आणि तिथून वाट दिसली तिकडे गेलो. किती लांब गेलो माहीत नाही. ड्रमवाला पोरगा डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता, पण त्याने लय सोडली नाही. परत आलो तेव्हा निशी बोहल्याच्या पायरीपाशी पोचली होती.

गुंडूरावांनी नंतर जेवताना मला शेजारी बसवून घेतलं आणि येईल त्या माणसाला सांगितलं, "हे आमचं व्याही. लेथ पण चालवतात आणि ते पण वाजवतात. कागलात हाय का असला कोण?"

मेमरी कार्ड सोबत आहे. कुणीतरी मोबाईलवर घेतलं, मागे पंगतीची भांडी वाजताहेत. पुली लेथवरून उतरवून होती तशी प्लेअरला बसवली आहे. तो कट आता घेणार नाही.

पण तुम्ही विचाराल की शेवट कसा केलास. सांगतो. ती पायरी चढली, अंतरपाट धरला गेला. मी शेवटचा सूर काळी तीनवर आणून धरला, तुम्ही शिकवल्यासारखा, श्वास संपेपर्यंत. मग सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला, फेटा सारखा केला, मुठीत अक्षता घेतल्या आणि लेकीजवळ जाऊन उभा राहिलो.

आपला,
आकाराम